जुनी मोटारसायकल, घरचा रंग

ईदच्या दुसऱ्या दिवशी कोणत्याही तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडसमोर दहा मिनिटे उभे राहावे. नव्या कुर्त्यातली मुले जुन्या मोटारसायकली घेऊन फिरायला निघालेली असतात. त्या गाड्यांवर काय नाही, ते पाहत जावे. मागचा मडगार्ड नाही. आरसे नाहीत. चेन कव्हर काढलेले, साडीगार्ड काढलेले, सायलेन्सरच्या आतली जाळी उपटलेली. याला मुले ‘मॉडिफाय’ करणे म्हणतात. त्यातले निम्मे सामान आपल्या आईसाठी आणि बहिणीसाठी बसवलेले होते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

साडीगार्ड ही शोभेची जाळी नव्हे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम नेमका याचसाठी आहे. मागे बसणाऱ्याला धरायला मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला हवा, म्हणजे मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकणार नाहीत. आपल्या घरांतल्या बायका बुरखा, ओढणी किंवा साडी नेसून गाडीवर बसतात. फिरत्या चाकाने ओढणीचे टोक एकदा धरले की ब्रेक दाबायलाही वेळ मिळत नाही. गळ्याभोवती गुंडाळलेली ओढणी असेल तर पुढचे लिहायला नको.

एवढे सांगून आम्ही मुलांच्या हातातला पाना काढून घ्यायला निघालो आहोत, असे कोणी समजू नये. उलट, ज्या मुलाला स्वतःची गाडी खोलून, घासून, रंगवून परत जोडता येते, त्याच्या हातात एक कसब येते. दहावी-बारावीच्या वर्गात आम्ही पाहतो ना, फळ्याकडे पाच मिनिटे न पाहणारा मुलगा कार्बोरेटर समोर आला की तासभर मान वर करत नाही. प्रश्न एवढाच, की ते कसब कोणत्या बाजूला वळवायचे.

आमच्या घरी हे काम निघाले ते अब्बा मरहूम यांच्या हीरो होंडा सीडी १०० मुळे. ही गाडी आठवणारे वाचक पुष्कळ असतील. हीरो आणि जपानच्या होंडाने १९८४ मध्ये भागीदारीत कंपनी काढली आणि १९८५ मध्ये हरियाणातल्या धारूहेरा येथून ही ९७.२ सी.सी.ची गाडी बाहेर पडली. तेव्हा रस्त्यावर धूर सोडणाऱ्या टू-स्ट्रोक गाड्यांचे राज्य होते. ही फोर-स्ट्रोक, पेट्रोल चाखत चाखत पिणारी. शिक्षक, तलाठी, दूधवाले, फेरीवाले अशा मोजून पैसे खर्च करणाऱ्यांनी तिला जवळ केले. आमची गाडी १९९१ची. इंजिन ठणठणीत होते. पण आमचे घर खाडीकाठी, आणि खाऱ्या हवेपुढे पत्र्याचे काही चालत नाही. टाकीखाली, मडगार्डच्या कडेला, सीटच्या पट्टीला गंजाचे फोड आले होते.

गाडीला हात लावण्याआधीचे एक काम असे आहे, ज्याकडे बहुतेक घरे दुर्लक्ष करतात. वडील गेल्यावर त्यांची गाडी अंगणात उभी असते आणि जो चालवतो त्याची ती आपोआप झाली, असे सगळे धरून चालतात. शरीअतच्या हिशेबाने ती तरक्यात आहे. आईचा, बहिणींचा त्यात हिस्सा आहे, मग ती १०,००० रुपयांची का असेना. कायद्यानेही मालक वारल्यावर वारसाने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. आमच्याकडे अम्मी आणि दोन्ही बहिणींना बसवून गाडीची किंमत ठरवली, त्यांचे हिस्से दिले आणि मग नाव चढवले. आपा म्हणाली, “इतक्याशा लोखंडाचा काय हिशेब करता?” पण पैसे हातात पडल्यावर तिने ते मोजून घेतले, हेही खरे. बहिणींनी मनापासून सोडून दिले तर वेगळी गोष्ट. विचारलेच नाही, तर सोडले असे म्हणता येत नाही.

रंगकाम आपाच्या मुलाने करायचे ठरले. बारावी झालेला, आयटीआयला जाणारा हा मुलगा पहिल्याच दिवशी मोबाइलवर एक चित्र घेऊन आला. मागून कापलेली, बुटकी सीट, जाड टायर आणि मिलिटरीसारखा हिरवा रंग.

“मामू, अशी करायची.”

“आणि तुझी अम्मी कुठे बसणार?”

तो गप्प झाला. आपा अंगणवाडीत काम करते आणि रोज सकाळी त्याच्याच मागे बसून जाते, बुरखा घालून, एका बाजूला पाय सोडून. चित्रातल्या गाडीवर तिला जागाच नव्हती.

मग कायद्याचेही बोलणे झाले, कारण मुलांना ‘नको’ म्हटलेले पटत नाही, ‘का नको’ ते सांगावे लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले. चेसी कापणे त्यात येते. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद झाली. आवाज आणि धूर यांचा नियम मोडला तर दंड १०,००० रुपयांपर्यंत जातो. रंगाचे मात्र तसे नाही. रंग बदलता येतो. फक्त आरसी पुस्तकावर रंगाची नोंद असते, म्हणून परिवहन कार्यालयात अर्ज करून ती बदलून घ्यायची. आणि तो मिलिटरीचा हिरवा, ज्याला ऑलिव्ह ग्रीन म्हणतात, तो संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखून ठेवलेला आहे. इतरांनी लावायचा नाही. आमच्या आरसीवर काळा लिहिले होते. काळाच ठेवला. फेरी वाचली.

खोलण्याचे काम दिवाळीच्या सुट्टीत झाले. यात कौशल्य कमी आणि शिस्त जास्त लागते. काढण्याआधी प्रत्येक भागाचा फोटो, आणि नट-बोल्ट आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत, डब्यावर चिठ्ठी. वायरी कापायच्या नाहीत, कनेक्टरमधूनच सोडवायच्या. जुन्या गाड्यांत काही ६ व्होल्टच्या असतात, काही १२ व्होल्टच्या. नवा बल्ब किंवा हॉर्न आणण्याआधी बॅटरीवर वाचून घ्यावे.

टाकीवर मात्र आम्ही तीन रविवार घालवले, आणि त्यात एकही तास वाया गेला असे वाटत नाही. प्रथम पेट्रोल काढून टाकी उघडी ठेवली. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते, कारण आत पेट्रोलची वाफ कोंडलेली असते आणि तिला ठिणगी पुरते. म्हणून टाकी घरात आणायची नाही, चुलीजवळ ठेवायची नाही, आणि तिला वेल्डिंग तर घरी कधीही नाही. आतला गंज काढायला पांढरा व्हिनेगर भरून एक दिवस ठेवला. त्याआधी मूठभर नट आत टाकून टाकी हलवली, की सुटे पापुद्रे निघतात. नट मोजून टाकावेत आणि मोजून काढावेत. आमच्याकडे २२ होते आणि शेवटचा निघायला अर्धा तास गेला. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, लगेच उन्हात पूर्ण वाळवून, थोडे इंजिन ऑइल मिसळलेले पेट्रोल आत फिरवले. धुतलेला पत्रा तसाच सोडला तर संध्याकाळपर्यंत त्यावर पुन्हा पिवळट थर चढतो.

बाहेरचा रंग घासताना खरी गोष्ट कळली. टाकीच्या खालच्या कडेला कोणीतरी कधीतरी जाड पुट्टी भरून ठेवली होती. वरून पाहिले तर पत्रा सपाट, चकचकीत. पुट्टी खरवडली तर खाली सुईच्या टोकाएवढी तीन भोके. इंजिनच्या तापलेल्या डोक्यावर थेंब पडायला एवढे पुष्कळ झाले असते. ती पुट्टी कोणी भरली, अब्बांनी घेण्याआधीच्या मालकाने की मधल्या एखाद्या पेंटरने, ते आता कळणार नाही.

पुट्टी ओळखायची एक सोपी रीत आहे. ज्यांना जुनी गाडी विकत घ्यायची आहे त्यांनी ही जरूर लक्षात ठेवावी. एक छोटे लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळावे, म्हणजे रंगावर ओरखडा पडत नाही, आणि टाकीवरून सावकाश फिरवावे. नुसता रंग असेल तर चुंबक धरून ठेवते. जाड पुट्टी आली की पकड सुटते. खालच्या कडा, टाकीच्या झाकणाभोवतीचा भाग आणि गुडघे टेकतात त्या बाजू पाहाव्यात. फायबरचा किंवा प्लास्टिकचा भाग असेल तर अर्थातच ही परीक्षा लागू नाही.

पुट्टी स्वतः वाईट नसते. छोटा पोचा भरायला ती लागतेच. नीट घासलेल्या उघड्या पत्र्यावर, दोन-तीन मिलिमीटरच्या आत, लिंबाएवढ्या गोळ्याला वाटाण्याएवढा हार्डनर घालून लावावी. काही मिनिटांत ती धरायला लागते, म्हणून थोडी थोडीच कालवावी. पण पुट्टीने भोक बुजवणे ही दुरुस्ती नाही. आमची टाकी आम्ही टाक्यांचेच काम करणाऱ्या एका कारागिराकडे नेऊन झाळून घेतली, पाणी भरून रात्रभर कोरड्या कागदावर ठेवली, आणि सकाळी कागद कोरडा निघाला तेव्हा पुढचे काम सुरू केले.

आता रंग. कोकणात रंगाला जानेवारी-फेब्रुवारी चांगले. हवेत ओल असली की स्प्रेचा रंग वाळताना वर दुधाळ पांढरट झाक येते, आणि पावसाळ्यात तर विचारूच नये. घासण्याचा क्रम जाड कागदापासून बारीक कागदाकडे : १२०, मग २२०, मग ४००. गंज पूर्ण गेला पाहिजे. गंजावर चढवलेला रंग वर्षभरात फोड धरून उठतो. पत्रा उघडा झाला की त्याच दिवशी प्रायमर मारावा. प्रायमर वाळल्यावर भाच्याने एक युक्ती केली, जी त्याला आयटीआयच्या सरांनी शिकवली होती : वरून काळ्या स्प्रेचा अगदी विरळ शिडकावा मारायचा आणि मग ४०० नंबरच्या पाणी पेपरने, सपाट रबरी ठोकळ्यावर गुंडाळून घासायचे. उंच भागावरचे काळे ठिपके निघून जातात, खोलगट भागातले तसेच राहतात. डोळ्याला न दिसणारा पोचा असा दिसतो.

स्प्रे मारताना डबा २०-२५ सेंटिमीटरवर धरावा, हात भागाच्या बाहेरून सुरू करून बाहेरच संपवावा, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवावा. पहिला हात इतका पातळ की खालचा प्रायमर दिसला पाहिजे. दहा मिनिटे थांबून दुसरा. घाई करणाऱ्याचा रंग ओघळतो आणि ओघळ घासायला दुप्पट वेळ जातो. मच्छरदाणी टांगून तिच्या आत काम केले आणि खालची जमीन पाणी शिंपडून ओली ठेवली, म्हणजे धूळ उडत नाही. काळा रंग सर्वांत सोपा असे लोक म्हणतात. आमचे मत उलट आहे. पांढऱ्यात खपते ते काळ्यात एकही खपत नाही.

स्प्रेचे कण वाऱ्यावर कुठवर जातात याचा अंदाज नवख्याला येत नाही. शेजारच्या दोरीवर कपडे वाळत असतील, अंगणात बांगडे किंवा पापड असतील. आम्ही दोन्ही शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवले आणि ज्यांच्याकडे दम्याचा त्रास असलेल्या वृद्ध फूफी आहेत, त्या बाजूला वारा असेल त्या दिवशी काम बंद ठेवले. शेजाऱ्याच्या हक्काबद्दल आपण जुम्याच्या खुत्ब्यात किती ऐकतो. तो हक्क थिनरच्या वासालाही लागू आहे.

रंगाचा आणखी एक मुद्दा आपल्या घरांपुरता. नखावर, हातावर रंगाचा थर बसला तर वुजूचे पाणी कातडीपर्यंत पोचत नाही. तो थर काढूनच वुजू करावा लागतो. मुले मग अस्रच्या वेळी घाईघाईने थिनरने हात चोळतात, त्याने कातडी फुटते. आधीच हाताला तेल लावून ठेवावे असे कोणी सुचवेल, पण तेलकट बोट पत्र्याला लागले की त्या जागी रंग माशाच्या डोळ्यासारखा फाटतो. रबरी हातमोजे वापरावेत. स्वस्तात मिळतात.

घरी काय करू नये, तेही सांगायला हवे. स्प्रेच्या साध्या रंगावर पेट्रोल सांडले की तो मऊ पडतो, म्हणून टाकीवर शेवटी हार्डनर घालून मारायचा पक्का क्लिअर कोट लागतो. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचे रसायन असते. ते श्वासातून गेले तर दमा जडू शकतो, आणि तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा मास्क त्यापुढे निरुपयोगी आहे. लहान मुले आणि गरोदर बाई असलेल्या घरात तर हा प्रयोग नकोच. टाकीचा आणि बाजूच्या झाकणांचा तो शेवटचा हात आम्ही शहरातल्या बूथ असलेल्या पेंटरकडून मारून घेतला. बाकी सगळे घरी. क्रोमवरचा हलका गंज पाण्यात भिजवलेल्या अॅल्युमिनियम फॉइलच्या बोळ्याने निघाला, हे पाहून भाच्याला जादू वाटली. सगळा खर्च ८,००० रुपयांच्या आत राहिला. त्यातला मोठा वाटा टाकी झाळण्याचा, क्लिअर कोटचा आणि सीटचा.

आणि मॉडिफाय? ते झालेच. सीटचा फोम बदलून मागची बाजू दोन बोटे रुंद केली, कारण आपाची कंबर दुखते. साडीगार्डची जुनी गंजलेली जाळी काढून बारीक छिद्रांची बसवली. तिच्या पायांसाठी डाव्या बाजूची पायपट्टी नवी घातली आणि धरायची मूठ घट्ट केली. दोन्ही आरसे लावले. भाच्याचे समाधान व्हावे म्हणून टाकीवर सोनेरी बारीक रेघ, मास्किंग टेप लावून त्याने स्वतः मारलेली. उजव्या बाजूची किंचित वाकडी आहे आणि ती त्याला पुसायची नाही.

गाडी रस्त्यावर आली तशी लोकांनी विचारणा सुरू केली. पहिले गिऱ्हाईक महिनाभरात आले. ओळखीचे गृहस्थ, गाडी विकायला काढलेली. टाकीवर फडक्यातले चुंबक फिरवताच ते तीन ठिकाणी सुटले. भाचा म्हणाला, “चाचा, आधी झाळून घ्यावी लागेल.” ते म्हणाले, “बेटा, मला कुठे ती चालवायची आहे? वरून चमकव, घेणारा बघून घेईल.” ३,५०० रुपये द्यायला तयार होते. मुलाच्या पहिल्या कमाईचे पैसे होते ते, आणि आयटीआयची फी भरायची होती.

रात्री तो आमच्याकडे आला. आम्ही त्याला उपदेश केला नाही, एक हदीस सांगितली, साहीह मुस्लिममध्ये आलेली. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जाताना धान्याच्या एका ढिगात हात घालतात, बोटांना ओल लागते. विकणारा सांगतो, पावसाने भिजले. ते विचारतात, मग ओले धान्य वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते. फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही, असेही ते सांगतात. भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मामू, यात तर पावसाऐवजी पेट्रोल आहे.”

त्याने काम परत केले. ते गृहस्थ गाडी दुसरीकडे घेऊन गेले, तिथे ती रंगलीही असेल. आपाने फीचे पैसे भिशीतून काढले. मुलगा दोन-तीन दिवस फुरंगटून होता, हे लपवण्यात अर्थ नाही. ३,५०० रुपये त्याच्या वयाला मोठे असतात. आता तो काम घेण्याआधी गिऱ्हाइकासमोर चुंबक फिरवतो, जिथे सुटते तिथे खडूने गोल काढतो आणि त्याचा फोटो गिऱ्हाइकाच्याच मोबाइलवर पाठवतो. काही जण तिथूनच परत जातात.

सध्या अंगणात एक लुना उभी आहे. मालकीण शिवणकाम करते, कापडाचे गठ्ठे घेऊन बाजारात जाते. तिला निळा रंग हवा आहे, पुढे गठ्ठा ठेवायला पट्टी हवी आहे आणि चेनचे कव्हर, जे हरवले आहे, ते कुठूनही शोधून बसवून हवे आहे. पावसाळ्याला दोन महिने उरले आहेत. कव्हर अजून सापडलेले नाही.